विश्रामबागचं प्रवेशाच्या कागदपत्रांचं दुकान: जावं का? हो, पण जून उजाडायच्या आधी

रेटिंग ४.५/५

यंदा आमच्या थोरलीचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन झालं त्यामुळं हे लिहायला बसलोय. पुढच्या वर्षी ज्यांची पोरं बारावीला आहेत त्यांना, आणि खास करून जत, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातल्या लोकांना याचा उपयोग होईल म्हणून जरा सविस्तरच लिहितो. दुकान सांगलीत विश्रामबागला आहे, वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजच्या भागात, मेन रोडवरून आत वळलं की पहिल्या मजल्यावर. जतकडून एसटीनं येणाऱ्यानं सांगली स्टँडपर्यंत जायची गरज नाही, मिरजेवरून सांगलीकडं येताना विश्रामबाग आधीच लागतं. नाव, नंबर इथं टाकत नाही, त्या भागात कुठल्याही झेरॉक्सवाल्याला "कागद तपासणाऱ्या ताईंचं दुकान" विचारलं तरी दाखवतात.

आता असली ऑनलाइन फॉर्मची दुकानं गल्लोगल्ली आहेत, मग याचंच कशाला लिहायचं? तर बाकीच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो "कुठला फॉर्म भरायचाय" आणि इथं पहिला प्रश्न असतो "मार्कशीट बघू". पोरगं त्या कोर्सला मुळात पात्र आहे का, हे कळल्याशिवाय ताई कॉम्प्युटरकडं बघत पण नाहीत. मला तरी या दुकानाची ही एक गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोठी वाटली.

उदाहरणच सांगतो. आम्ही नंतर फॉर्म भरायला जाऊन बसलो होतो तेव्हा आमच्या आधी कवठेमहांकाळकडचा एक मुलगा आणि त्याचे वडील होते, ओपनमधले. सीईटीला (प्रवेश परीक्षेला) पर्सेंटाईल चांगलं होतं, बारावी पास, सगळं व्यवस्थित, पण एका दुकानात त्यांना सांगितलं होतं की तुम्ही बसत नाही, ॲडमिशन मिळणार नाही, प्रायव्हेट डिप्लोमा बघा. वडलांचा चेहरा उतरलेला. कारण असं की इंजिनिअरिंगला मेरिट लागतं सीईटीवर पण पात्रता ठरते बारावीच्या तीन विषयांच्या बेरजेवर, ओपनला ४५ टक्के म्हणजे ३०० पैकी १३५ लागतात, आणि महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गाला, ईडब्ल्यूएसला आणि दिव्यांगांना ४० टक्के म्हणजे १२०. त्या पोराला फिजिक्स ४४, मॅथ्स ३९, केमिस्ट्री ४५, बेरीज १२८. सात मार्कांनी गेलं.

ताईंनी मार्कशीटवर स्टीलची पट्टी ठेवली, एकेका ओळीवर सरकवत खाली आल्या आणि बायोलॉजीवर थांबल्या. ६१. मग म्हणल्या, "मामा, फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय पाहिजेतच, पण तिसरा केमिस्ट्रीच पाहिजे असं नाही, बायोलॉजी पण चालतो." ४४, ३९ आणि ६१ म्हणजे १४४, ४८ टक्के. पोरगं बसलं! त्याला मेडिकल वगैरे काही नको होतं, मेकॅनिकल पाहिजे होतं, आणि मॅथ्स बायोलॉजी दोन्ही घेतलेलं असल्यामुळं त्याचं वर्ष वाचलं. हा नियम माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, तिसऱ्या विषयात केमिस्ट्री, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, आयटी, टेक्निकल व्होकेशनल असे बरेच विषय चालतात, पण माहितीपुस्तिका वाचतो कोण? ह्या बाई वाचतात. टेबलावर प्रिंट काढून स्पायरल करून ठेवलेली आहे आणि पानांना पेनानं खुणा केलेल्या आहेत, बोलताना पान काढून तुमच्यासमोर धरतात. नुसतं "आम्हाला माहिती आहे" असं नाही.

आता आमचं.

आमची पोरगी दहावी बारावी दोन्ही जत तालुक्यातच शिकली, घर जतला, शेती जतला, रेशनकार्ड जतचं. पण तिचा जन्म झाला तिच्या आजोळी, अथणी तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडं पद्धतच आहे, आणि आमच्या भागात निम्म्या बायकांची माहेरं अथणी, चिकोडी, विजापूर इकडं. त्यात कधी कुणाला काय वेगळं वाटत नाही. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "जन्मस्थळ" म्हणून रकाना असतो तिथं अथणी, जि. बेळगाव लिहिलेलं.

कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, महाराष्ट्राच्या उमेदवारांचे टाईप असतात. टाईप ए म्हणजे दहावी पण महाराष्ट्रातून आणि बारावी पण महाराष्ट्रातून पास, आणि त्याबरोबर एकतर जन्म महाराष्ट्रातला किंवा महाराष्ट्राचं डोमिसाईल (अधिवासाचा दाखला). ज्याच्या दाखल्यावर जन्म मिरज, सांगली, जत असं आहे त्याचं काम नुसत्या दाखल्यावर भागतं. आमच्या शेजारच्या पोराचा जन्म मिरजेत झालाय, त्याला ताईंनी सरळ सांगितलं की तुला डोमिसाईलची गरज नाही, उगाच पैसे घालू नको. आणि त्याच दिवशी आमच्या पोरीचा दाखला बघून मला म्हणल्या, "अण्णा, हिचं डोमिसाईल झाल्याशिवाय बाकी काहीच करू नका." कारण ते नसेल आणि आईबापांपैकी कुणाचं डोमिसाईल पण नसेल तर महाराष्ट्राची उमेदवार म्हणून धरत नाहीत, ऑल इंडियाच्या यादीत गेलं की सीटा थोड्या, आणि आमचं ओबीसीचं आरक्षण पण लागू होत नाही. गाव एक, शाळा एक, आणि जन्माच्या रकान्यावरून एकाला कागद लागत नाही आणि एकाला लागतोच. हे आम्हाला कॉलेजमध्ये कुणीच सांगितलं नव्हतं, तिथं सगळ्यांना एकच छापील यादी वाटली होती.

डोमिसाईल तिथल्या तिथं करून देतो म्हणून पैसे घेतले असते तर मला काय कळणार होतं? पण त्यांनीच सांगितलं की हे इथं करू नका, अर्ज शेवटी जतच्याच तहसीलला जाणार, तुमच्या तालुक्याच्या सेतूतनं करा म्हणजे काही त्रुटी निघाली तर तुम्हाला जवळ पडेल. आणि एका कागदावर लिहून दिलं काय काय जोडायचं: महाराष्ट्रात निदान १० वर्षं राहिल्याचा पुरावा पाहिजे, त्यासाठी पहिलीपासूनचा शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, तलाठ्याचा रहिवासी दाखला, प्रतिज्ञापत्र. तो कागद अजून आमच्या फायलीत आहे. डोमिसाईल एकदा काढलं की त्याला मुदत नसते त्यामुळं हे काम बारावीची परीक्षा व्हायच्या कितीतरी आधी उरकून टाकता येतं, आम्ही दिवाळीनंतर लगेच गेलो होतो म्हणून आरामात झालं.

मुदतीवरनं अजून एक महत्त्वाचं, कारण यात लोक फार फसतात. आपल्याला वाटतं सगळे कागद लवकर काढून ठेवले की सुटलो. तसं नाही. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), डोमिसाईल हे लवकर काढायचं. पण उत्पन्नाचा दाखला आणि एक वर्षाचं नॉन क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं आरक्षणासाठीचं प्रमाणपत्र) हे ३१ मार्चला संपतात. म्हणजे डिसेंबरमध्ये हौसेनं काढलं तर जूनमध्ये ॲडमिशनच्या वेळी त्याचा उपयोग शून्य, परत रांगेत उभं राहा परत पैसे भरा. ताईंच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलाय, त्यावर दोनच भाग केलेत, "आत्ता काढा" आणि "एप्रिलनंतर काढा". बस. इतका उपयोगी कागद मी कुठल्या सरकारी ऑफिसात बघितला नाही. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे असतील तर नॉन क्रिमीलेअर तीन वर्षांचं पण निघतं, ते ज्यांना जमतंय त्यांनी तसंच काढावं, पोराच्या पुढच्या वर्षांना पण पडतं उपयोगी.

व्हॅलिडिटीचं मात्र डोकं फिरवणारं काम आहे. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे वडलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाच्या तरी जुन्या कागदावर जातीची नोंद पाहिजे. एससीला तीच तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१. आता आमच्या आजोबांच्या पिढीत शाळेत गेलेला माणूस म्हणजे एक चुलत आजोबा. त्यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला, नोंद पण मिळाली, पण सगळी कन्नडमध्ये! जत तालुक्यात कन्नड शाळा आजही आहेत, तेव्हा तर होत्याच. मला वाटलं आता हा कागद वाया. ताई म्हणल्या वाया कशाला, मराठी भाषांतर करून प्रमाणित करून घ्या आणि मूळ उताऱ्याला जोडा, आणि वंशावळीत त्या आजोबांचं नाव तुमच्या आजोबांच्या बरोबर भाऊ म्हणून नीट दाखवा, स्पेलिंग उताऱ्यात आहे तसंच. वंशावळ त्यांनी माझ्याकडनं तोंडी वदवून घेतली, पेन्सिलीनं काढली, मग दोन ठिकाणी नाव जुळेना तेव्हा "पाटील लावत होते का नुसतं गावाचं आडनाव" असं खोदून खोदून विचारलं. माझ्या भावाकडं त्याच्या मुलाची व्हॅलिडिटी होती ती पण जोडायला लावली, त्यानं काम सोपं झालं. फाईल जात पडताळणी समितीकडं गेल्यावर एकही त्रुटी निघाली नाही. व्हॅलिडिटीचा अर्ज बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करता येतो, ज्यांनी केला नसेल त्यांनी आज करा. कधी कधी शासन नंतर द्यायला मुदतवाढ देतं हे खरंय पण त्या भरवशावर पोराची सीट टांगणीला लावायची हे मला पटत नाही.

पोरींच्या बापांसाठी एक. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. आमच्या गावात अजून लोक विचारतात खरंच माफ आहे का. आहे. पण ॲडमिशन कॅपमधनं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातनं घेतलं तर नाही. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा पाहिजे. आणि मुलीचं स्वतःचं बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे कारण महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे) पैसे आधार जोडलेल्या खात्यावरच येतात. ताईंनी पोरीला तिथंच विचारलं, "खातं तुझं आहे का पप्पांचं?" माझं होतं. दुसऱ्या आठवड्यात तिचं उघडलं. ट्यूशन फी सोडून डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे खर्च राहतातच, ते पण त्यांनी आधीच सांगितलं, नाहीतर माणूस सगळं फुकट आहे समजून जातो.

आता जे आवडलं नाही ते पण लिहितो.

जूनमध्ये जाऊ नका. जूनमध्ये तिथं जिन्यावर माणसं बसलेली असतात, बायका पोरं उन्हात खाली उभी, प्यायला पाणी नाही. टोकन देतात पण टोकन असून पण दुपार जाते. फोन तर उचलतच नाहीत. माझं म्हणणं आहे की त्या दिवसात दोन माणसं जास्त ठेवावीत, काम इतकं चांगलं आहे तर लोकांचे हाल कशाला.

दुसरं, तपासणी ताई करतात पण स्कॅनिंग एक नवीन पोरगा करतो, त्यानं गर्दीत आमच्या जातीच्या दाखल्याची मागची बाजू स्कॅनच केली नाही. आम्ही ई स्क्रूटिनी घेतली होती म्हणजे घरूनच कागद अपलोड करून तिकडून तपासून येतात, तर फॉर्म त्रुटी दाखवून परत आला. पोरीनं रात्री बघितलं म्हणून कळलं, सकाळी ताईंनी पैसे न घेता परत चढवून दिलं, मुदतीत झालं. पण ज्याच्या घरी रोज लॉगिन बघणारं कोणी नाही त्याचं काय झालं असतं? म्हणून पालकांनो, फॉर्म भरून झाला की घरी येऊन निवांत बसू नका, कन्फर्मेशनची पावती हातात पडेपर्यंत रोज बघा. युजर आयडी पासवर्ड दुकानात ठेवू नका, पोराच्या वहीत लिहून ठेवा. ताई स्वतः पण हेच सांगतात.

तिसरं आवडलं नाही म्हणावं का माहिती नाही, पण बऱ्याच पालकांची तक्रार ऐकली, की त्या कॉलेजचा क्रम लावून देत नाहीत. ऑप्शन फॉर्म पोरानं स्वतः भरायचा असं म्हणतात. वालचंद वर टाकू का, इस्लामपूरला (आताचं ईश्वरपूर) आरआयटी टाकू का, आष्ट्याचं टाकू का, लोक विचारत राहतात, त्या मागच्या वर्षीचे कटऑफ काढून देतात आणि गप्प बसतात. मला हे बरोबर वाटलं. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही, एवढं मात्र प्रत्येक पोराला बजावून सांगतात. जिथं चार वर्षं पोरगी राहणार तो निर्णय दुकानदारानं घ्यावा असं मला तरी वाटत नाही. आमच्या पोरीनं स्वतः बसून क्रम लावला, आणि तिला पाहिजे ती कॉम्प्युटरची सीट सांगली जिल्ह्यातच मिळाली.

मेडिकलवाल्यांसाठी तिथं ऐकलेलं थोडक्यात: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पाहिजे, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण पाहिजे. शाळेत लवकर घातलेल्या पोरांची जन्मतारीख आधी बघा. आणि ऑल इंडिया कोट्याला ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो, राज्याचा दाखवून चालत नाही. फार्मसीला फिजिक्स केमिस्ट्री आणि मॅथ्स किंवा बायोलॉजी, तिथं पण ४५ आणि ४०. टक्के कमी पडले तर श्रेणीसुधार परीक्षा देता येते, पण ते करायच्या आधी एकदा त्या पट्टीखालनं मार्कशीट घालून घ्या, कवठेमहांकाळच्या पोरासारखं तिसऱ्या विषयात सुटका असू शकते.

दर: कागद नुसते तपासून यादी करून द्यायचे १०० रुपये, कॅपचा फॉर्म भरून अपलोड करून द्यायचे ४०० रुपये, सरकारी फी वेगळी आणि ती तुमच्यासमोर तुमच्याच फोनवरून भरायची. दर दारावर लिहिलेत, पावती देतात. सांगलीत याच कामाला जास्त घेणारे आहेत आणि गावात कमी घेणारे पण आहेत, पण १०० रुपयात जो डोमिसाईलचा विषय आम्हाला वेळेत कळला त्याची किंमत मी करू शकत नाही.

जाताना झेरॉक्स नेऊन उपयोग नाही, त्या ओरिजिनलच मागतात. दहावी बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचे जे असतील ते सगळे, आणि पोराला बरोबर घेऊन जा, एकट्या पालकाचं काम त्या करत नाहीत. आईचं नाव मार्कशीटवर आणि आधारवर सारखं आहे का ते घरी आधीच बघून ठेवा, त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. रविवारी बंद. गाडी खाली लावायला जागा नाही, मेन रोडलाच लावून चालत या.